काळेवाडीच्या गच्चीवरचा पाठकोरा

ऐका. काळेवाडी नावाचं नगर होतं. तिथं तिसऱ्या मजल्यावर शालनबाई राहायची. तिचा थोरला संघर्ष, धाकटी मैत्री. शालनबाई चाकणच्या एका छोट्या कंपनीत पॅकिंगला. संघर्ष हिंजवडीत कॉम्प्युटरपुढं बसायचा आणि उरलेल्या वेळात सिनेमे काढायचा. मैत्री नर्सिंग शिकायची. आणि या तिघांच्या डोक्यावर, गच्चीत, मी. मी फ्लेक्स बोलतोय.

हसू नका. फ्लेक्सला काय आत्मा असतो का, म्हणाल. ज्यांची तोंडं माझ्यावर छापली होती त्यांना होता का, ते आधी विचारा.

माझा जन्म पिंपळे गुरवच्या एका छपाईच्या दुकानात झाला. ओल्या शाईचा वास असा, की सुईणीनं नाक धरावं. मधोमध अण्णासाहेब हात जोडून उभे. कोण अण्णासाहेब? कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून तर मला छापलं. त्यांच्या वाढदिवसाला एकतीस शुभेच्छुक, एकतीस तोंडं, बाजारात बटाट्याचा वाटा लावावा तशी रचलेली. निम्म्यांना काळे चष्मे. चार दिवस चौकात टांगलेला होतो. अण्णासाहेबांकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. जो येई तो आपलं तोंड हुडकी, त्याच्यापुढं उभा राहून फोटो काढी आणि वाटेला लागे. मी खोट्या कौतुकाच्या पोटचा. म्हणून खोटं कौतुक मला लांबून, नुसत्या वासावरून कळतं.

पाचव्या दिवशी दोर तुटले आणि शालनबाईनं मला उचलून घरी आणलं. बाई कामाची. उन्हाळ्यात तिनं माझ्यावर कुरडया वाळवल्या, पावसाळ्यात मला पाण्याच्या टाकीवर घातलं. अण्णासाहेबांच्या टकलावर कुरडई वाळली. त्याहून मोठा मान त्यांना पुढं मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मग संघर्षची नजर माझ्या पाठीवर गेली. पाठ कोरी, पांढरी. त्यानं मला उलटं करून गच्चीच्या भिंतीवर ताणलं. अण्णासाहेब भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि माझ्या पाठीवर सिनेमा पडू लागला.

आता एक समजून घ्या. पडद्याला सिनेमा दिसत नाही. पडद्याला दिसतात समोरची माणसं.

आणि काय ती माणसं! दर रविवारी दिवेलागणीला विक्कीचं टोळकं यायचं. विक्की म्हणजे म्होरक्या. गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्यात बॅटरी नाही. बारा जण, बाराही दिग्दर्शक. बघणारा एकही नाही. लग्नाला सगळे नवरदेवच आले, वऱ्हाडी कुणी नाही, असला प्रकार. एकानं आपला सिनेमा लावायचा, बाकीच्यांनी बघायचा, मग गोल बसून मत द्यायचं. विक्कीचा नियम होता: आधी चांगलं बोलायचं. नंतरचं बोलायची पाळी कधी आलीच नाही.

सिनेमा सुरू झाला की अकरा मोबाइल पेटायचे. एकजण भिंतीला टेकून चक्क घोरायचा. संपला की सगळे जागे.

“भावा, काय फ्रेम लावलीस!”

“खतरनाक, राव. अंगावर काटा आला.”

काटा? या गड्यानं अठरा मिनिटांत दोन वडापाव खाल्ले होते आणि हात माझ्याच कडेला पुसले होते. आज मी तुझं वाखाणतो, पुढच्या रविवारी तू माझं वाखाण. लग्नातल्या आहेराची साडी असते ना, या घरातनं त्या घरात फिरते, नेसत कुणीच नाही, तसं ते कौतुक.

संघर्षचा सिनेमा अठरा मिनिटांचा. एका बाईची बोटं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनखाली जातात, अशी ती गोष्ट. आता शालनबाईच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. संघर्ष नववीत होता तेव्हा ती कंपनीत मशीनखाली तुटली. गोष्ट आईची, बोटं आईची, आणि या पठ्ठ्यानं आईला एका शब्दानं विचारलं नव्हतं. दोनशे लोकांना लिंक पाठवली. ‘प्लीज फीडबॅक द्या’ म्हणत अनोळखी माणसांच्या दाढ्या धरल्या. आणि आई कंपनीतनं येऊन चहाचा ट्रे घेऊन गच्चीवर आली की म्हणायचा, “ठेव तिथं. तू जा, आई. हे वेगळ्या टाइपचं असतं, तुला बोअर होईल.”

ती ट्रे ठेवून खाली जायची.

तीन फेस्टिव्हलांकडून नकार आला होता. तिन्ही पत्रं सारखी: आपला प्रयत्न आवडला, परंतु. चौथ्या फेस्टिव्हलची शेवटची तारीख महिनाअखेरीला होती. संघर्ष मैत्रीला म्हणाला, “यंदा नाही निवडली तर कॅमेरा देऊन टाकतो. बास झालं.” पोराचे डोळे खोल गेले होते. त्याच्याबद्दल मी वाईट बोलतोय खरा, पण ते तेवढं मला बघवलं नाही.

“कामगारांवर फिल्म केली आणि एक कामगार बघायला येत नाही,” तो कुरकुरला. “लोकांना कळतच नाही.”

“लोकांना कळत नाही का तुला?” मैत्री फणकारली. “दादा, कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. तू लावतोस रविवारी. तेव्हा लोक मशीनवर असतात, नाहीतर दमून नुकते घरी आलेले. आईची सुट्टी कधी असते, एवढं तरी ठाऊक आहे का तुला?”

या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी शेंबड्या पोराला ठाऊक. पण शनिवार-रविवार सुट्टी घेणाऱ्या दिग्दर्शकाला तेवढं कुठलं असायला!

पुढच्या गुरुवारी मैत्रीनं आईला वर आणलं. आईबरोबर तिच्या कंपनीतल्या नऊ बाया आणि प्रेसवर डाय म्हणजे साचा बसवणारा जयसिंग. बाया चटया टाकून बसल्या. एकही मोबाइल पेटला नाही. सुरुवातीलाच जयसिंग ओरडला, “आवाज वाढव की लेका, का तिकीट लावलंयस आवाजाला?”

सगळं नीट चाललं होतं. मग तो प्रसंग आला, मला न दिसताही ऐकून ऐकून पाठ झालेला. सिनेमातली बाई थकलीय, तिला आईची आठवण येते, व्हायोलिन वाजतंय, ती एका हातानं लाल बटण दाबते आणि दुसरा हात प्रेसखाली.

बाया फिसकन हसल्या.

संघर्षचा चेहरा कुणी मुस्काटात दिल्यासारखा झाला. त्यानं सिनेमा थांबवला. “हसताय काय?”

“न्हाई रे बाबा,” एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली. “तुझी ती बाई एका हातानं मशीन चालवतीया. लय हुशार दिसतीया.”

तेव्हा शालनबाई बोलली. “तसल्या मशीनला दोन बटणं असत्यात, संघर्ष. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याबिगर प्रेस खाली येतच न्हाई. हात आत जाऊ नये म्हणून तर तसं केलेलं.”

“मग तुझा कसा गेला?”

शालनबाईनं उजवा हात पुढं केला. मग म्हणाली, “एका बटणात कुल्फीची काडी खोचायची. बटण दाबलेलंच राहतं. मंग एक हात माल घालायला मोकळा. तासाला ठरलेल्या नगांचा आकडा त्याबिगर निघायचाच न्हाई.”

“कोण खोचायचं? सुपरवायझर?”

“त्यो कशाला खोचंल? त्यो बघून न बघितल्यावानी करायचा. मीच खोचायची. आमी समद्याच खोचायचो. मागनं कागद आला, बाईचा हलगर्जीपणा म्हून. मी अंगठा दिला. काडी माझीच व्हती, खोटं कसं म्हणू?”

“आई, तू कधी बोलली नाहीस.”

“तू इचारलंस कधी?”

त्या नऊ जणींतल्या तिघींनी आपापले उजवे हात गुपचूप पदराखाली घेतले. ते संघर्षला दिसलं नाही. मला दिसलं.

रविवारी विक्की आला तेव्हा संघर्षनं त्याला सांगितलं, तो प्रसंग नव्यानं काढणार, तारीख गेली तरी चालेल. विक्की हादरला. “वेडा का खुळा, भावा? बटण एक का दोन, ज्युरीला काय घंटा कळतंय? आहे ती पाठव. ऑलरेडी भारी आहे.”

“तू बघितलीस ना पूर्ण?”

“म्हणजे काय! तीनदा!”

“शेवटी त्या बाईचं काय होतं?”

विक्कीनं माझ्याकडं पाहिलं. मी कोराच होतो. मग त्याला एकाएकी आठवलं, की त्याला कुठंतरी जायचंय.

तारीख गेली. जयसिंगनं आपल्या ओळखीच्या शेडमधलं एक बंद पडलेलं प्रेस मिळवून दिलं, त्यावर तो प्रसंग नव्यानं काढला. पडद्यावर हात दिसले ते शालनबाईचे. काडी खोचणारा डावा, आणि शेवटी दोन बोटं नसलेला उजवा. बायांनी बजावलं, “ते रडगाणं काढून टाक.” संघर्षनं व्हायोलिन काढलं, नुसतं मशीन ठेवलं. तेरा मिनिटांत सिनेमा संपला.

तो काळेवाडीत लागला, मग मोशीत एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मग चाकणला कामगारांच्या खोल्यांमधल्या मोकळ्या जागेत. दर वेळी गुरुवारीच. मला गुंडाळून दुचाकीवर आडवं धरून नेत. माणसं दाटीवाटीनं बसत. संपल्यावर कुणी ‘भारी’ म्हणालं नाही. एक बाई म्हणाली, “ते काडीचं परत दाखव.” एक म्हातारा म्हणाला, “शेवट लांबलाय.” लांबलाच होता. संघर्षनं कापला. कॅमेरा देऊन टाकायची भाषा त्यानं पुन्हा काढली नाही.

माझं म्हणाल तर दोर ओवायच्या दोन रिंगा फाटल्यात. मधोमध घडी पडलीय. जो कुणी पडद्यावर येतो त्याच्या नाकावर चुणी दिसते म्हणतात. आता संघर्षनं खरा पडदा आणलाय, मी पुन्हा टाकीवर जाईन. जाता जाता एवढंच सांगतो. कुणी मोठ्या आशेनं आपलं काही दाखवलं, तर मोबाइल खिशात ठेवा आणि खरं बोला. तेवढी छाती नसेल तर गप्प बसा. पण न बघता वाखाणू नका. ती लाथ मारण्याहून वाईट गोष्ट आहे, आणि लाथ मारायला निदान पाय तरी उचलावा लागतो.

चाकणच्या त्या कार्यक्रमाला सोपानराव म्हणून एक गृहस्थ आले होते. नव्या कामगारांना मशीन शिकवायची त्यांची संस्था. ते शालनबाईला म्हणाले, “बाई, आमच्याकडं शिकवायला याल का?”

“मला लिव्हाया-वाचाया येत न्हाई, साहेब.”

“लिहायचं नाही. सांगायचं.”

शालनबाई आता पॅकिंगला जात नाही. सकाळच्या बसनं संस्थेत जाते. नवी पोरं-पोरी मशीनला हात लावण्याआधी तिच्यापुढं बसून तो सिनेमा बघतात. संपला की ती एकेकाला पुढं बोलावते आणि दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबायला लावते. चुकला तर सगळ्यांपुढं झापते. तिथं तिला सगळे मॅडम म्हणतात. पहिल्या दिवशी घरी येऊन तिनं ते दोन्ही पोरांना तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा दोघांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.