नावाचं शेपूट

सत्तर अंशांच्या खाली हा जंतू हातपाय हलवायला तयार नसतो. ज्या पाण्यात आपलं बोट पोळून निघेल, त्यात याचा संसार सुखाने चालतो. एकतीस वर्षांपूर्वी सरांनी तो शोधला, त्याला नाव दिलं आणि घातला मात्र भलत्याच घराण्यात. परवा त्यांच्याच विद्यार्थिनीने जनुकं ताडून ते दाखवून दिलं. सरांना राग यायला हवा होता, पण ते पोरीवर खूशच झाले.

आता त्याचं पहिलं, घराण्याचं नाव बदलणार होतं. आडनावावरून ठेवलेलं दुसरं तेवढं राहणार होतं. त्याचा खुलासा लिहायला ती समोर बसली होती.

"सर, हे मोठ्या सरांचंच आडनाव ना? संपादकांनी खात्री करायला सांगितलंय. लॅटिन नाव ना, पुरुष असेल तर शेवटी आय लागतं, बाई असेल तर ए-ई."

मोठे सर म्हणजे सरांचे गुरू. सर हो म्हणणार होते, पण त्याआधी त्यांनी टेबलाचा खण ओढला.

आडनाव मोठ्या सरांचं खरं, पण ते त्यांच्या मुलीचंही होतं. उकळत्या झऱ्यातला गाळ तिने काढला होता, मनगट पोळून घेऊन. सगळी प्रयोगशाळा तिला ताई म्हणायची. सर तेवढे 'ऐकलंत का'वर भागवायचे, आणि तिने ऐकलं की पुढचं बोलणं विसरायचे. बाटल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून दोघं शेजारी बसून वाट बघत. तीन आठवडे काही वाढलं नाही, तेव्हा सरांइतका सुखी माणूस जगात नव्हता.

मग ती लग्न होऊन दूर गेली. सरांनी जंतूला तिचं नाव दिलं आणि ऐनवेळी कच खाऊन शेवटी आय लावलं. मोठ्या सरांचे डोळे भरून आले. गुरुभक्तीचं सगळीकडे कौतुक झालं. सरांनी लग्न केलं नाही, कुणी विचारलंच तर इन्क्युबेटरकडे बोट दाखवून म्हणायचे, "एवढी पोरं आहेत की."

तेव्हा तिचं एक कार्ड आलं होतं. सरांनी ते खणाच्या तळातून काढलं. पाठ होतं, तरी वाचलं. 'बाबा फार खूश आहेत. नावाचं शेपूट मात्र चुकलंय, असं मला उगीच वाटतं. खरं काय ते कळवा.'

सरांनी कळवलं नाही. भीती वाटली, दुसरं काही नाही. आता मोठे सर नाहीत, आणि ती कुठे आहे हे कुणाला विचारायचीही चोरी. तिचा तो जुना पत्ता तेवढा सरांना अजून आठवतो.

"ए-ई कर," सर म्हणाले.

पोरीने मान वर केली, कार्डाकडे पाहिलं आणि काही न विचारता शेपूट बदललं. "दुरुस्तीचं कारण द्यावं लागतं, सर. छपाईची चूक असं लिहू?"

"नको," सर म्हणाले. "लेखकाची लिही."