जुजुराणाची राखण

"तीन दिवस झाले काका, जुजुराणाची मादी टोपलीतून खाली उतरली नाही. दाणा तसाच पडलाय," रतनी दारात उभी राहून म्हणाली.

बेलीराम चुलीपाशी बसून चहा पीत होता. त्याला आतून बरं वाटलं. ते तोंडावर दिसू नये म्हणून त्याने पेल्यात तोंड घातलं.

"अंडी उबवतेय," तो म्हणाला. "पण दिवसातून एकदा उतरायला हवी. माझ्या वेळी घड्याळ लावावं अशी उतरायची."

"म्हणून तर आले. तुमचा खुंटीवरचा जुना कोट द्या."

जयवंती, त्याची बायको, पीठ मळता मळता थांबली.

"कोट?"

"तुम्हीच शिकवलंत ना, पाखरांच्या जाळीत रोज एकाच कपड्यात जायचं, पाखरू बुजतं म्हणून. अंड्यातून निघाल्यापासून तिने तुमचा हा कोटच पाहिलाय. माझं खाकी जाकीट एरवी चालतं, पण अंड्यांवर असताना तिला ते परकंच."

"तो कायदा दुसऱ्या पाखरांसाठी," बेलीराम म्हणाला. "ही माझ्या हातावर वाढलीय. ही माणूस ओळखते."

बेलीराम निवृत्त झाला आणि त्याच्या जागी रतनी पक्षीघरात लागली, त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून बेलीरामला तिचा हेवा वाटत होता. मार्चमध्ये शाळेची सहल आली, तेव्हा रतनीने फाटकावरच्या फलकापुढे उभं राहून मुलांना राज्याची ओळख करून दिली. हिमबिबट्या कसा दबकत येतो, गुलाबी बुरांसाचं फूल कुठे फुलतं, आधी मोनाल राज्यपक्षी होता आणि मग जुजुराणाला तो मान कसा मिळाला. देवाने जगातल्या प्रत्येक पाखराकडून एकेक पीस मागून जुजुराणा घडवला, तेही तिने सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हीच गोष्ट बेलीरामने दरवर्षी सांगितली होती, आणि मुलं खिशातली सुकी जर्दाळू खात इकडेतिकडे बघत असत. गावातल्या त्याच्या बरोबरीच्यांनी सफरचंदाच्या बागा लावून पक्की घरं बांधली. त्याने पाखरू राखलं. निदान ते पाखरू तरी त्याचं होतं.

"उद्या मीच येतो," तो म्हणाला. "कोटाशिवाय. बघ मग."

"हट्ट कसला धरताय?" जयवंती म्हणाली. "पोरगी मागतेय तर देऊन टाका. नाहीतरी कोपरं माझ्याच ठिगळांवर तगून आहेत."

"तू पोळ्या कर."

सकाळी तो निरोप समारंभात मिळालेला निळा कोट घालून गेला. दाढी केली होती. नेहमीची हिरव्या पट्टीची टोपी मात्र डोक्यावर नव्हती; जयवंतीने ती धुवायला घेतली होती. भिजवलेले हरभरे आणि सफरचंदाच्या फोडींची थाळी घेऊन त्याने जाळीचं दार उघडलं, नेहमीसारखा हळूच खाकरला, नेहमीसारखाच उकिडवा बसला.

वर फांद्यांत ठेवलेल्या टोपलीतून मादीने मान काढली. भुरी, साधी, नराच्या थाटमाटाचं काहीच अंगावर नसलेली.

"ये, बये," तो म्हणाला. "मीच आहे."

मादी उडाली ती थेट कोपऱ्यातल्या जाळीवर आपटली. पुन्हा उडाली, पुन्हा आपटली. दोन पिसं खाली आली. टोपलीतली अंडी उघडी पडली.

"काका, बाहेर या," रतनी हळू आवाजात म्हणाली. "लवकर या."

तो पाठ न दाखवता मागे मागे सरकत बाहेर आला. हातातली थाळी तशीच भरलेली होती. रतनीने ती काढून घेतली. ती नुसती वर टोपलीकडे बघत होती, आणि त्याला तेच जास्त लागलं. एक टोमणा तरी मारायचा होता तिने.

"अंडी गार पडतील," शेवटी तो म्हणाला.

"चढलीय परत. पण उपाशी किती दिवस बसेल?"

बेलीराम उतारावरून घरी गेला. जयवंतीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता दोरीवरची टोपी काढून दिली. खुंटीवरचा कोट त्याने स्वतः घेतला. मेंढीच्या न रंगवलेल्या लोकरीचा, मातकट. खिशात हरभऱ्याचे चार दाणे होते, ते तसेच राहू दिले. चढ चढताना दोनदा थांबावं लागलं.

"बाह्या दुमड," तो रतनीला म्हणाला. "टोपी कानापर्यंत ओढ. आत गेल्यावर हळू खाकर. तिच्याकडे बघायचं नाही. थाळी डाव्या हाताने ठेव."

"डाव्याच का?"

"मी डावखुरा आहे ना."

रतनी आत गेली. कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. ती खाकरली, उकिडवी बसली, थाळी ठेवली. बेलीराम देवदाराच्या जाड बुंध्याआड उभा राहिला आणि निळी बाही दिसू नये म्हणून हात छातीशी घट्ट धरले.

बराच वेळ काही झालं नाही. मग मादी एक फांदी उतरली. मग दुसरी. जमिनीवर आली, त्या कोटाच्या अगदी जवळ, आणि खाऊ लागली. भूक लागलेलं पाखरू खातं, तशी.

रतनीने मान वळवून बुंध्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. बेलीरामने बोटानेच खुणावलं, इकडे नको, खाली बघ.

वारा सुटला होता. निळा कोट पातळ होता. मादी पोटभर खाऊन वर टोपलीत जाऊन बसेपर्यंत तो बुंध्याआडून हलला नाही.