नट कसले

दीड वर्ष झालं, रमाच्या पोर्चमध्ये गाडी उगवत होती. आधी नुसता लोखंडी सांगाडा उभा राहिला, मग त्याला चाकं फुटली, दिवाळीच्या सुमारास एक दार आलं. पुण्याहून तीन खोक्यांत सुटी आलेली, दोन सीटची, ठेंगणी गाडी. इंजिन तेवढं अकोल्याच्या भंगारातलं.

खोकी मागवली उद्धवनं, रमाच्या नवऱ्यानं. तो कॉलेजात गणित शिकवायचा आणि शनिवारी त्याचे जादा तास असत. त्यामुळे शनिवारी गाडीवर हात फिरे तो नबीभाईंचा. बडनेरा रोडवर त्यांचं गॅरेज. रविवारी नबीभाईंना सवड नसे, तेव्हा उद्धव पाना घेऊन खाली शिरे. दोघांची गाठ क्वचितच पडे. बोलणं व्हायचं ते चिकटपट्टीवर. ‘ब्रेकचं तेल बाकी.’ ‘ये वायर को हात मत लगाना.’ नबीभाई शिकले उर्दू शाळेत. देवनागरी लिहीत ती लोकर विणल्यासारखी, एका शब्दाचा धागा दुसऱ्यात गुंतलेला.

रमा तांदूळ निवडता निवडता गुणगुणे,

शनवारी जोडीयेली, ऐतवारी खोलीयेली
माझ्या अंगणात बाई, गाडी बोल्टांनी फुलली

उद्धव गाडीखालून ऐके. त्याला एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. सत्तावीस वर्षं रमा त्याच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसत आली होती. सत्तावीस वर्षं ती त्याच्या पाठीशी बोलली होती. त्याला ती शेजारी हवी होती.

“मी नाही बसत त्याच्यात,” रमा म्हणे. “माहे हातपाय मले पाह्यजेत अजून.”

माघात मात्र तिनं सौदा केला. “एक फेरी. फक्त एक. मधात गाडी थांबली का पोर्च माहा, अन गाडी भंगारवाल्याची.”

उद्धवनं हो म्हटलं आणि त्या रात्री त्याला झोप आली नाही.

पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर काढणाऱ्यांतला उद्धव नव्हता. म्हणून ठरलेल्या रविवारी गाडी ‘छोटा हत्ती’ टेम्पोवर बसून, नव्या नवरीसारखी, गावाबाहेरच्या लेआउटात गेली. तिथे रस्ते होते, डांबर होतं, प्लॉटांचे दगड होते, घर एकही नव्हतं. निघण्याआधी उद्धवनं चारही चाकांना प्रदक्षिणा घातली. मागच्या डाव्या चाकावर नबीभाईंच्या अक्षरात पट्टी होती : नटकसले. बरं झालं, एक काम कमी. त्यानं पट्टी काढून खिशात टाकली.

रमा पदर खोचून डावीकडे बसली, जशी दवाखान्यात बसते तशी. पहिला गिअर पडला, दुसरा पडला. शंभरेक पावलं गेली. मागून टकटक ऐकू येऊ लागलं. दार असेल, उद्धवला वाटलं.

“अहो,” रमा म्हणाली, “हे चाक कोणाचं?”

तिच्या बाजूनं एक चाक निवांत पुढे निघालं होतं. ते एका प्लॉटात शिरलं, दोन गिरक्या घेतल्या आणि मालकीण असल्यासारखं आडवं झालं. गाडीनं मागच्या कोपऱ्यावर बसकण मारली.

त्या रविवारपुरती सवड काढून लेआउटच्या फाटकाजवळ थांबलेले नबीभाई चालत आले.

“नबीभाई, तुमीच लिहिलं नं, नट कसले म्हणून?”

“हाव, लिहिलं ना सर. ब्रेक पाहाले चाक काढलं होतं, पाना गॅरेजवर राहिला. नट हातानंच फिरवून ठेवले. म्हणून लिहिलं, नट कस ले.”

“कसले म्हणजे कसून झाले.”

“कस ले म्हणजे तुमी कसा.”

“मराठीत झाले.”

“मराठीत लिहिलं कोणी?”

उद्धवनं खिशातली पट्टी काढून उन्हात धरली. “बरं, मग ‘कस लो’ तरी लिहायचं. मले ‘कस ले’? माणसानं सराले काही मान द्यावा.”

“पट्टी संपली होती सर. काना द्याले जागाच नव्हती.”

उद्धवनं रमाकडे पाहायचं टाळलं. तिच्या बाजूचं दार उघडल्याचं त्यानं ऐकलं, आणि भंगारवाल्याचा हातगाडा त्याच्या डोळ्यांपुढून गेला.

रमा प्लॉटात गेली. चाक उभं करून, ढकलत, पायानं दिशा देत ते घेऊन आली. “नट काही सापडत नाही गवतात,” ती म्हणाली.

“तीन चाकांचा एकेक काढतो, भाबी,” नबीभाई म्हणाले. “फेरीपुरतं होते.”

जॅक लागला, चाक चढलं. रमानं हात पुढे केला. “द्या तो पाना. एक मराठीत लिहिते, एक हिंदीत वाचते.”

“उलटं, भाबी.”

“तेच ते.” पान्यावर पाय देऊन तिनं तिन्ही नट कसले. मग हात गवताला पुसले आणि परत डावीकडे जाऊन बसली.

“पण गाडी थांबली होती,” उद्धव हळूच म्हणाला. खोटं त्याला जमत नसे.

“गाडी कुठी थांबली? चाक पुढे गेलं होतं, त्याची वाट पाहून राहिलो होतो आपण. चाला.”

गाडी निघाली. या वेळी टकटक नव्हती. रमा सैल झाली आणि बोलू लागली. धाकट्या बहिणीची, शालूची, मूर्तिजापूरची बदली, तिच्या सासूचं म्हणणं, घर भाड्यानं द्यावं की नाही.

“हं,” उद्धव म्हणाला.

रमा बोलायची थांबली. मान वळवून पाहत राहिली.

“हं म्हणता तवा असं तोंड असते काय तुमचं?”

“कसं?”

“पेपर तपासून राहिल्यासारखं. मले वाटे, आयकून राहिले. सत्तावीस वर्षं, माय.” तिला हसू आवरत नव्हतं. “सांगा बरं, आत्ता काय म्हटलं मी?”

रस्ता फाटकाशी संपत होता. नबीभाई थांबण्याची खूण करत होते, फेरी पुरी झाली होती. उद्धवला उत्तर आठवायला थोडा वेळ हवा होता. त्यानं गाडी दुसऱ्या फेरीला वळवली. रमा तशीच त्याच्याकडे तोंड करून बसून राहिली.