तीन महिन्यांचा फलक

मी एक जुना लोखंडी फलक आहे. माझ्या अंगावर लिहिले आहे, 'पुलाचे काम चालू. रस्ता तात्पुरता बंद.' खाली तारीख आहे. मित्रांनो, मला तीन महिन्यांसाठी जन्माला घातले होते. त्याला आता तीन वर्षे होतील.

वेल्डरने मला चार पाय जोडले तेव्हा मी हरखून गेलो. त्या पायांनी चालता येत नाही, हे नंतर कळले. पहिल्या आठवड्यात माझा फोटो वर्तमानपत्रात आला. पुढे कौतुक ओसरले. कोणी माझ्यावर शर्ट वाळत घातला, कोणी हरवलेल्या मांजराची जाहिरात चिकटवली. पेंटर मात्र दर तीन महिन्यांनी इमानेइतबारे येऊन जुन्या तारखेवर नवी तारीख रंगवी. तेवढ्या जागी माझी कातडी जाड झाली आहे.

यंदा रोज चार वाजता एक निवृत्त पोस्टमन येऊ लागले. पलीकडच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, त्यांची बायको होती. पुलावरून सात मिनिटे. वळसा घालून, दोन बस बदलून, दीड तास. त्यांचे गुडघे त्या वळशाला आठवड्यातून दोनदाच राजी होत. बाकीचे दिवस ते माझ्याशेजारी उभे राहून छत्री उंच धरत. मग तिकडच्या खिडकीत पिवळा टॉवेल हले. माझी पाठ पुलाकडे, त्यामुळे टॉवेल मला कधी दिसला नाही. आजोबांचा चेहरा दिसे. त्यावरून कळे.

"पायी तरी सोड रे," ते पुलावर नेमलेल्या वॉचमनला म्हणत. "जन्मभर लोकांची पत्रं पोचवली. एकदा मला पोचू दे."

"माझ्या हातात काय आहे, आजोबा? बोर्ड आहे ना!"

माझ्या नावाला एवढे वजन आयुष्यात प्रथमच आले होते. तेव्हाच पडावे, असे फार वाटले. पण वेल्डर कामाचा पक्का होता.

मग पूल पुरा झाला. कठड्याचा रंगही वाळला. पेंटर डबा घेऊन हजर.

"अहो, पूल झाला की!"

"झालाय," वॉचमन म्हणाला. "बोर्ड हलवायचा कागद यायचाय. ऑफिस पलीकडे. कागदालाही वळसा पडतो."

पेंटरने नवी तारीख घातली.

त्यानंतर एका मंगळवारी आजोबांनी छत्री वर केली. ती बराच वेळ वरच राहिली. मी त्यांचा चेहरा पाहिला, मित्रांनो.

दोन आठवड्यांनी ते पुन्हा आले, चारलाच. वॉचमनने इकडेतिकडे पाहिले, मला पाय धरून हातभर सरकवले आणि तोंड फिरवले. "जा आजोबा. मी काही बघितलं नाही."

"राहू दे," ते म्हणाले. "आता घाई नाही."

त्यांनी मला पुन्हा जागेवर ओढले, नीट, सरळ.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी मला कुठे उभे केले, तर उचलायलाही या. मला स्वतःहून बाजूला होता येत नाही.