उंबरठ्याबाहेरच्या सूनबाई

मी एक जुना दरवाजा आहे. लाकूड चांगले, म्हणून अजून अंग धरून आहे. ज्या सुताराने मला घडवले तो फार कमी बोलायचा, पण रंधा मारून झाला की माझ्यावरून मायेने तळहात फिरवायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या या घराला मला बसवले तेव्हा शेजारीपाजारी बघायला आले आणि दार असावे तर असे म्हणाले. मी तेव्हा जरा फुगलोच. ती सवय अजून गेलेली नाही. हवा दमट झाली की मी फुगतो आणि घरातले मला खांद्याने ढकलतात.

मित्रांनो, दरवाजाचे काम सोपे असते. घरच्यांना आत घ्यायचे, चोराला बाहेर ठेवायचे. ते मी इमानेइतबारे केले. सूनबाई या घरात आल्या त्याही माझ्यातूनच. त्या दवाखान्यात परिचारिका. कितीही दमून आल्या तरी मला आदळत नसत. माझ्या बिजागऱ्या कुरकुरताहेत हे साऱ्या घरात त्यांनाच ऐकू यायचे, आणि तेलही त्याच घालायच्या. त्यांचा नवरा मात्र तापट. भांडण पेटले की तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, की दार उघडेच आहे, चालती हो. भांडण यांचे आणि बोट माझ्याकडे! मला संताप यायचा, पण मला विचारतो कोण?

एके दिवशी सूनबाई कामावर असताना त्याने माझे कुलूप बदलून घेतले. संध्याकाळी त्या आपल्या मुलीला शाळेतून घेऊन आल्या, तर किल्ली फिरेना. त्यांना आधी वाटले की मीच अडलोय. त्यांनी खांदा लावून पाहिला. मग आतून नवऱ्याचा आवाज आला, की घर आईच्या नावावर आहे, तुझा इथे काही संबंध नाही. मुलगी पाठीवरच्या दप्तरासकट मला थापा मारत राहिली. मी घट्ट बंद. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटी समोरच्या काकूंनी दोघींना आपल्या घरात नेले.

सूनबाई गप्प बसल्या नाहीत. एका वकीलबाईंनी त्यांना सांगितले, की जिथे संसार केला त्या घरात राहण्याचा बायकोला कायद्याने हक्क आहे, मग घर कुणाच्या का नावावर असेना. न्यायालयानेही तेच म्हटले, आणि यापुढे त्यांना त्रास द्यायचा नाही, असे नवऱ्याला बजावले.

आदेश घेऊन एक अधिकारी बाई आल्या. मागे सूनबाई आणि मुलगी. नवरा घरात नव्हता. सासूबाईंनी साखळी न काढता मला चार बोटे उघडले आणि म्हणाल्या, "घर माझ्या नावावर आहे."

अधिकारी बाईंनी समजावले, की घर तुमचेच राहील, फक्त राहत्या घरातून बाईला असे बाहेर काढता येत नाही.

सासूबाईंनी फटीतून सुनेकडे पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "हे फक्त सुनांनाच असतं का?"

"नाही आजी. घरातल्या कुठल्याही बाईला. तुम्हालासुद्धा."

त्यांनी असे का विचारले ते मला ठाऊक होते. त्या तरुण असताना त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे सूनबाईंच्या सासऱ्यांनी, कितीदा तरी त्यांना बाहेर काढून मला आतून कडी घातली होती. त्या जिन्यात बसून राहायच्या. कुणी विचारलेच तर वारा खातेय म्हणून सांगायच्या.

"मला कुणी सांगितलंच नाही गं," त्या सुनेला म्हणाल्या. त्यांनी साखळी काढली. मुलगी मला ढकलून सगळ्यांच्या आधी आत पळाली.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. मला रंग द्या, नका देऊ, माझे काही म्हणणे नाही. पण घरातल्या बाईला बाहेर उभी करून मला कधी लावून घेऊ नका. आणि तुमच्या आईला, आजीला, बहिणीला हा हक्क आहे, हे त्यांना वेळेवर सांगा. आमच्या सासूबाईंना ते सत्तरीत कळले.