वाटसरूच्या कबरीचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. माझ्या आत एक लहानशी खोली आहे आणि खोलीत एक कबर. सुताराने जाड फळ्या जोडून मला घडवले आणि जाताना माझ्यावर थोपटून म्हणाला, "सांभाळ रे."

कबर कुणाची, हे मला ठाऊक नाही. कुणी परका वाटसरू आजारी पडून इथे आला आणि इथेच गेला, एवढेच राखणदाराला माहीत होते. त्याच्या वडिलांनी शेवटच्या आजारात त्याला बजावले होते, "त्या वाटसरूला कुणी उठवू नये, एवढं बघ." तो माझा उंबरा झाडायचा, बिजागऱ्यांना तेल घालायचा. तेव्हा मी कुरकुरत नसे.

पण राखणदार पडला भिडस्त. पाहुण्याला नाही म्हणणे त्याच्या जिवावर यायचे. एका दुपारी एक लेखकसाहेब आले. येशू ख्रिस्त क्रुसावर मेलाच नाही, जखमा भरल्यावर तो पूर्वेकडे चालत गेला आणि म्हातारा होऊन कुठेतरी शांतपणे वारला, असे त्यांचे मत होते.

"हा दूरच्या देशातून आला होता का?" त्यांनी विचारले.

"असेल, साहेब."

"पायांवर जखमा होत्या?"

"असतील की. एवढं चालून आला म्हणजे..."

"लोक त्याला गुरू मानायचे?"

"मानत असतील. चहा घेणार ना?"

साहेब गेल्यावर राखणदाराची बायको हसली. "अहो, उद्या कुणी विचारलं, आत हत्ती पुरलाय का, तरी असेल म्हणाल!"

मलाही तेव्हा गंमत वाटली. आता आठवले की अंगावर काटा येतो.

पुस्तकात हे सगळे 'गावकऱ्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या आठवणी' म्हणून छापून आले. माणसे येऊ लागली. खोटे कशाला बोलू, आधी मी सुखावलो. लोक मला कपाळ टेकवत. मग कुणीतरी चाकूने माझी ढलपी काढून रुमालात बांधून नेली, आणि तसा पायंडाच पडला. काहींना हा त्यांच्या देवाचा अपमान वाटला. त्यांनी मला काळे फासले, राखणदाराच्या खिडक्या फोडल्या. बायको मुलांना घेऊन बहिणीकडे गेली. तो गेला नाही. माझ्याकडेही त्याचे लक्ष राहिले नाही, आणि माझ्या बिजागऱ्या गंजल्या.

आज दोन्हीकडची माणसे पहारी घेऊन आली आहेत. कधी नव्हे ते त्यांचे एकमत झाले आहे. कबर उघडायची. एकांना गोष्ट खरी ठरवायची आहे, दुसऱ्यांना खोटी.

राखणदार मला पाठ टेकून उभा आहे.

"नाही," तो म्हणतो. त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकतो आहे. "मला काहीच ठाऊक नव्हतं हो. मी आपलं साहेबांचं मन राखलं. झोपू द्या त्याला."

"लपवतोय!" गर्दीतून कुणी ओरडते. "म्हणजे आत नक्की काहीतरी आहे!"

लेखकसाहेबही गर्दीत आहेत. ते खाली मान घालून उभे आहेत.

मित्रांनो, कुणाला काही विचाराल तेव्हा 'नाही' ऐकायचीही तयारी ठेवा. आणि कुठलाही दरवाजा उघडण्याआधी, आत कुणी निजले असेल, एवढे मनात आणा.

माझी वरची बिजागरी निखळली आहे. खालची अजून तग धरून आहे. किती दिवसांनी, आज सकाळीच त्याने तिला तेल घातले होते.