बांधून घेतलेला खांब

इंदिरानगरातल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. स्कूटरी गल्लीत काढल्या होत्या, त्यांच्या जागी सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि कोपऱ्यातल्या एका खांबाला नवरदेवासारखा हार घातला होता. शेजारपाजारच्या सोसायट्यांमधलीही माणसं आली होती, कारण या खांबाला रक्त आलं होतं.

रक्त म्हणजे तांबडं पाणी. वरची तुळई खांबाला जिथे मिळते, तिथे एक तिरपी चीर पडली होती. तिच्यातून ते झिरपायचं आणि खाली फरशीवर थारोळं व्हायचं. गुजरातचा भूकंप नुकताच होऊन गेलेला. त्या सकाळी इथेही टांगलेले दिवे हलले होते आणि लोकांची झोप तेव्हापासून उडालेली होती. त्यात खांब रडायला लागला म्हटल्यावर शहाण्यासुरत्यांचीही पाचावर धारण बसली.

मग आले सहादूबाबा. नामपूरकडचे, म्हणून बोलणं अहिराणी वळणाचं. पहिल्या दिवशी त्यांनी खांबाला कान लावला, डोळे मिटले आणि निदान सांगितलं.

"हाऊ खांब मोकळा शे. येले बांधनं पडी." म्हणजे हा खांब मोकळा आहे, याला बांधावं लागेल.

घर बांधून घेणं ही गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. चार कोपऱ्यांत मंतरलेलं काहीतरी पुरायचं, लाल दोरा गुंडाळायचा, म्हणजे बाहेरची बाधा बाहेरच राहते. बाबांनी खांबाला दोरा गुंडाळला, लिंबं कापली आणि जाताना बजावलं, "आता याला लोखंड लावायचं नाय. खिळा नाय, हातोडी नाय. लोखंड लागलं की बंधन तुटलं, मग माझी जिम्मेदारी नाय." दोन दिवसांत रक्त थांबलं. आज त्याचा महाप्रसाद होता.

राखी मागे जिन्यापाशी उभी होती. ती याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि कॉलेजात मुलांना इमारतींचे सांगाडे कसे आखायचे ते शिकवायची. बाबा येण्याआधी, चीर नुकतीच पडली तेव्हा, तिने स्टुलावर चढून स्क्रूड्रायव्हरने सुटलेला गिलावा काढला होता. आत जे दिसलं ते बघताच ती स्टुलावरून खाली उतरली होती. तिने लगेच सोसायटीचा सेक्रेटरी किशोर याला सांगितलं, "या खांबाला आधी टेकू लावा. वरचे फ्लॅट रिकामे करा. मग जोड उघडून दुरुस्त करू." किशोरने ते बिल्डर मल्हारीशेठच्या कानावर घातलं. शेठने टेकू आणला नाही, बाबा आणले. बाबांचा दोरा बसला त्याच दिवशी शेठच्या माणसांनी चिरेवर ताजा गिलावाही चोपडला.

तेव्हापासून राखी ज्याला त्याला सांगत होती आणि जो तो तिला समजुतीने हसत होता. त्यातल्या त्यात तिला काळजी होती सिंधुबाईंची. त्या दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्या खांबावर राहायच्या. राखी कामावरून उशिरा आली तर ताट झाकून ठेवणारी ही बाई. त्यांची लेक तृप्ती बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि बाळाचा पाळणा त्याच कोपऱ्यात टांगलेला. राखीने हातापाया पडून सांगितलं होतं की पंधरा दिवस माझ्या घरी या, माझं घर निदान त्या कोपऱ्यावर नाही.

"अगं, आता बांधून घेतलाय ना खांब," सिंधुबाई म्हणाल्या होत्या. "बाळंतिणीला घेऊन कुठं हिंडू? तू शिकलेली, पण सगळंच पुस्तकात नसतं बाई."

राखीला त्या रात्री त्यांचा राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली होती.

आता सहादूबाबा खांबापुढे उभे राहून भाविकांची गिऱ्हाइकं करत होते. "लातूर गेलं, कच्छ गेलं, का गेलं? बांधलेलं नव्हतं. हा खांब आता वज्राचा झाला. भूकंप येईल, दोऱ्याला हात जोडील आणि मालेगावकडं निघून जाईल." मालेगावकरांचं काय, हे कुणी विचारलं नाही. मल्हारीशेठ पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात सिंधुबाई बाळाला दुपट्यात घेऊन पुढे आल्या आणि खांबाच्या पायाशी त्याला ठेवायला वाकल्या.

राखीला राहवलं नाही. सतरंज्यांवरून वाट काढत ती पुढे गेली आणि तिने बाळाला वरच्या वर उचलून घेतलं.

"मावशी, थोडं थांबा. बाबांना एकच विचारते." ती बाबांकडे वळली. "बाबा, बंधन पक्कं आहे ना?"

"वज्र आहे, ताई."

"मग या खांबाला लागून वर पहिल्या मजल्यावर शेठचा बंद फ्लॅट आहे, त्याचं पाणी सोडलं तर चालेल? गच्चीवर टाकीपाशी त्याचा कॉक कुणीतरी बंद केलाय. मी सकाळी बघितला."

शेठचे डोळे उघडले. "त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध नसेल तर उघडायला हरकत नाही," किशोर म्हणाला. इतके दिवस शेठची री ओढणारा तो माणूस, पण कॉकचं ऐकून त्याचा चेहरा बदलला होता. तो कॉक उघडायला गच्चीवर गेला.

आरती सुरू झाली. आरतीनंतर दुसरी आरती, मग तिसरी. बाबांना आज सगळ्या देवांची आठवण येत होती. हळूहळू ताज्या गिलाव्यावर ओल उमटली, पसरली, आणि तांबडा थेंब ओघळत झेंडूच्या हारावर आला. टाळ्या आपोआप थांबल्या.

"लोखंड लागलं," बाबा गरजले. "बाईनं लोखंडाचा कॉक फिरवायला लावला. बंधन तुटलं."

"कॉक पितळेचा आहे, बाबा," जिन्यातून उतरत किशोर म्हणाला.

मागे कुणीतरी हसलं. बाबांनी झोळी जवळ ओढली.

"हे रक्त नाही, गंज आहे," राखी म्हणाली. "बंद फ्लॅटच्या बाथरूममध्ये भिंतीतला पाईप फुटलाय. पाणी तुळईतून या जोडात उतरतं, आतल्या सळया गंजवतं आणि तांबडं होऊन बाहेर येतं. कॉक बंद केला की रक्त थांबलं. चमत्कार तेवढाच आहे. पण मला भीती पाण्याची नाही." बाळ तिने तृप्तीकडे दिलं. आरतीच्या ताटातली काडेपेटी उचलली, आतला काड्यांचा खण बाहेर काढला आणि नुसतं बाहेरचं खोकं दोन बोटांत धरून बाजूने दाबलं. चौकोन तिरपा झाला.

"भूकंपात इमारत अशी डावी-उजवी होते. तुळई आणि खांब जिथे मिळतात, तो जोड असाच तिरका पिळला जातो." तिने खण परत आत घातला आणि पुन्हा दाबलं. खोकं हललं नाही. "जोड असा भक्कम राहावा म्हणून तिथे खांबाच्या उभ्या सळयांभोवती लोखंडी रिंगा बांधायच्या असतात, जवळजवळ. पण नेमक्या तिथेच तुळईच्या सळया दाटी करतात, सळया बांधणाऱ्या फिटरचा हात शिरत नाही. मग तो खांबाला खाली रिंगा बांधतो, वर बांधतो, आणि जोडात सोडून देतो. काँक्रीट पडलं की कुणाला दिसत नाही."

तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. सिंधुबाईंनी तिचा हात धरला.

"लोखंड नको लावू गं. माझ्या घरात बाळंतीण आहे."

"म्हणूनच लावते, मावशी."

सिंधुबाईंनी एकदा तृप्तीच्या हातातल्या बाळाकडे बघितलं. मग त्यांनी हात सोडला आणि स्वतःच दोरा बाजूला सारला. ओला गिलावा पापडासारखा निघाला. आत गंजून फुगलेल्या उभ्या सळया दिसल्या. हातभर उंचीत एकही रिंग नव्हती.

"बाबा एक गोष्ट खरी बोलले," राखी म्हणाली. "खांब मोकळाच आहे. पण तो बांधायचा होता लोखंडाने, काँक्रीट ओतायच्या आधी. आणि बाबांनी लोखंडच लावू नका म्हणून सांगितलं, म्हणजे कुणी उघडून बघायला नको. उद्या धरणी हलली तर ती दोरा बघणार नाही, आत काय आहे ते बघेल. म्हणून हात जोडण्याआधी उघडून बघत जा. विचारत जा. आपल्या लेकरांसाठी तरी."

लोकांच्या नजरा मल्हारीशेठकडे वळल्या. शेठ कपाळ पुसत उठले.

"अहो, माझ्या एकट्याचं काय घेऊन बसलात? मी सांगितलं होतं का सोडा म्हणून? फिटर लोक जोडात रिंगा घालतच नाहीत. सगळीकडे असंच करतात."

शेठच्या तोंडून ते निघून गेलं. मग एकेक जण मान वर करून आपापल्या डोक्यावरचा जोड बघू लागला. तिथे चीर नव्हती, ओल नव्हती, रंगही चांगला होता. पाईप फुटला म्हणून हा एक खांब दिसला होता. बाकीचे कोरडे होते, म्हणून इतके दिवस कुणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

राखीला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तिला वाटलं, एका खांबाचं भूत उतरवलं आणि सगळ्या इमारतीची भीती यांच्या पदरात टाकली. पण ही भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीवर टेकू लावता येतो.

सिंधुबाईंनी तृप्तीला म्हटलं, "बाळाला घेऊन राखीकडे वर जा. पाळणा किशोर आणून देईल." मग त्या शेठच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांपुढे वाकलेली ती बाई आता ताठ उभी होती.

"शेठ, बाकीच्या खांबांत काय घातलंय?"

शेठ चपला शोधू लागले. सिंधुबाईंनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्यांच्यामागे सगळं पार्किंग उभं होतं.